नक्कल करा, पण रंग थोडा वेळ बाजूला ठेवून

तुमचा प्रश्न असा की, छापील निसर्गचित्र समोर ठेवलं की हुबेहूब उतरतं, पण बाहेर झाडासमोर बसलं की हात थिजतो. मग नक्कल करणं सोडूनच द्यावं का? सोडू नका. करण्याची पद्धत मात्र बदला.

मीही सुरुवातीची दोन वर्षं चौकटी आखून चित्रं उतरवली. वरच्या डाव्या चौकटीत सुरुवात, खालच्या उजव्या चौकटीत शेवट. घरचे खूश! पण त्या सगळ्यात मी झाड बघितलंच नव्हतं. रेघ चौकटीत कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, एवढंच बघितलं होतं. बाहेर चौकटी नसतात, आणि हजार गोष्टींतून काय गाळायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं. मूळ चित्रकाराने काय गाळलं, हेच नकलेत शोधायचं.

इंग्रज निसर्गचित्रकार टर्नर विशीच्या आसपास असताना लंडनमध्ये डॉ. मन्रो या चित्रसंग्राहकांच्या घरी संध्याकाळी कझन्स या आधीच्या चित्रकाराच्या निसर्गचित्रांच्या नकला करायला जायचा. सोबत गर्टिन हा दुसरा तरुण चित्रकार असे. गर्टिन बाह्यरेषा काढी आणि टर्नर त्यावर वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, देई, तेही बहुतेक निळ्या-करड्या रंगांत. म्हणजे टर्नरच्या वाट्याला उजेड, अंधार आणि अंतर एवढंच आलं. यापेक्षा चांगली तालीम मला माहीत नाही.

तुम्हीही तेच करा. पोस्टकार्डाएवढा कागद, एकच गडद रंग, त्याच्या तीनच छटा: उजळ, मधली, गडद. डोळे किलकिले करून मूळ चित्राकडे बघा, पानं-फांद्या विरघळतात आणि मोठे आकार उरतात. ढगाळ नसलेल्या दिवशी बहुधा आकाश सर्वांत उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल आणि उभी झाडं सर्वांत गडद असतात. (बर्फ असेल तर हे गणित उलटतं.) वीस मिनिटांत थांबा. त्याच चित्राच्या अशा चार-पाच नकला झाल्या की मूळ चित्र पालथं घाला आणि आठवणीने काढा. जिथे अडाल तिथलं तुम्हाला कळलं नव्हतं, नुसतं उतरवलं गेलं होतं.

रंग त्यानंतर. छापील रंगाच्या मागे फार लागू नका. एकच चित्र दोन पुस्तकांत दोन रंगांचं दिसतं आणि मोबाइलवर तिसऱ्याच. व्हॅन गॉगने 1889-90 मध्ये फ्रान्समधल्या सेंट-रेमीला मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकरी-चित्रांवरून कितीतरी चित्रं केली, तीही कृष्णधवल छापांवरून. छटांची मांडणी मिलेची, रंग स्वतःचे.

आणखी एक. जलरंगात काम करत असाल तर जलरंगातलंच चित्र निवडा. तैलरंगात उजेड शेवटी वरून चढवता येतो, जलरंगात कागदाचा पांढरा आधीच राखावा लागतो. तैलचित्राची नक्कल जलरंगात करताना नवखा माणूस इथेच फसतो आणि आपला हात वाईट आहे असं समजतो.

नकलेच्या मागे ‘अमुक यांच्या चित्रावरून’ असं लिहा, त्यांची सही मात्र उतरवू नका. चित्रकार हयात असेल तर कुठे टाकण्याआधी विचारा.

पाचव्या नकलेनंतर तीच तीन छटांची मांडणी खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या झाडावर लावून बघा. पहिल्यांदा आकाश हमखास जास्त गडद होईल. माझं अजूनही होतं.