फुप्फुसातील हायडॅटिड गाठ : सुईने पाणी का काढत नाहीत?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मेंढपाळ आहे. खोकला बरा होईना म्हणून छातीचा एक्स-रे काढला, त्यात उजवीकडे गोल सावली दिसली. सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी हायडॅटिड सिस्टचे निदान केले व शस्त्रक्रिया सुचवली. सुईने पाणी काढून किंवा गोळ्यांनी भागणार नाही का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भावाचा व्यवसाय आपण कळवलात हे बरे केलेत, कारण निदानात त्याला महत्त्व आहे. कुत्र्याच्या आतड्यातील एका बारीक फीतकृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि हातांवरून, भाजीपाल्यातून किंवा पाण्यातून माणसाच्या पोटात जातात; पुढे रक्तावाटे अळी बहुधा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात रुजते आणि तिथे पाण्याने भरलेली गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते. गाठ अखंड असेल तर रक्ततपासणीत काहीच न सापडणे शक्य असते, त्यामुळे सीटी स्कॅनवरच अधिक भिस्त ठेवावी लागते. यकृताची सोनोग्राफी झाली नसेल तर ती अवश्य करून घ्यावी.

यकृतातील काही गाठींमध्ये औषधाच्या संरक्षणाखाली सुईने पाणी काढतात. फुप्फुसात मात्र तसे करणे टाळतात, कारण पाणी छातीत सांडले तर जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवू शकते आणि त्यातील सूक्ष्म अंकुरांपासून नव्या गाठी धरू शकतात. अल्बेंडाझोल या जंतनाशकाच्या गोळ्या लहान गाठींना किंवा शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांना देतात. मोठ्या गाठीत त्या आधी सुरू केल्यास आवरण कमकुवत होऊन गाठ फुटण्याचा धोका असतो, म्हणून दुकानातून परस्पर आणून त्या मुळीच देऊ नयेत. शस्त्रक्रियेनंतर त्या बहुधा देतात आणि त्या काळात यकृताच्या व रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात.

शस्त्रक्रियेत फुप्फुसच काढतात, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. सर्जन भोवताली मिठाच्या तीव्र द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या ठेवून गाठ आवरणासह बाहेर काढतात, पोकळीत उघडणाऱ्या श्वासनलिकांची तोंडे शिवतात आणि फुप्फुस शक्य तितके राखतात. त्याचा भाग पार निकामी झालेला असेल तरच तो काढावा लागतो. नंतर काही दिवस छातीत नळी असते. अचानक खारट पाणी किंवा पांढरट पापुद्रे खोकल्यातून पडले, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

कळपातील कुत्र्यांना पशुवैद्यकांकडून नियमित जंतनाशक द्यावे, आणि मेंढीतही अशा गाठी असू शकतात व त्या खाऊन कुत्र्यांना हा कृमी होतो, म्हणून कापलेल्या मेंढीचे यकृत-फुप्फुस त्यांच्यापुढे कच्चे टाकू नये.