लुआरकाठची सायकल: जा, पण येत्या मे महिन्यात नको

प्रश्न : मी ५५ वर्षांची, नाशिकच्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका. १९९४ साली लागले, त्यामुळे जुनी पेन्शन आहे. मे २०२८ अखेर निवृत्त होईन. यजमान ५९ वर्षांचे, सातपूरला छोटं वर्कशॉप आहे, उत्पन्न कधी वर कधी खाली. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, घराचं कर्ज फिटलं. माझा पगार हातात ९२ हजार येतो, घरखर्च ६५ हजार, एसआयपी १२ हजार. म्युच्युअल फंडांत २८ लाख, मुदत ठेवी ११ लाख. नाशिक-पंढरपूर सायकलवारी आम्ही दोघांनी तीनदा केली. आता फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठानं, द्राक्षबागांमधून सायकल चालवायची फार इच्छा आहे. एका टूर कंपनीनं येत्या मे महिन्यातल्या (मे २०२६) नऊ दिवसांचे दोघांचे मिळून साडेनऊ लाख सांगितलेत. शिवाय मला १ लाख ८० हजारांची कार्बन सायकल घ्यायची आहे, तीच तिकडे नेईन म्हणते. यासाठी फंड विकू, पर्सनल लोन काढू, की यजमान म्हणतात तसं निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आल्यावर जाऊ? यांचा उजवा गुडघा चढावर कुरकुरतो, म्हणून थांबायची भीती वाटते.

उत्तर : ताई, जावं की नाही याबद्दल माझं दुमत नाही, जावंच. पण तुम्ही दिलेल्या तीन वाटांपैकी एकही मला पटलेली नाही.

कर्जाचं पटकन उरकतो. दहा लाख, १३ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण २२,७५० रुपये, आणि फिटेपर्यंत व्याज सुमारे ३ लाख ६५ हजार. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही २०२८ ला निवृत्त व्हाल आणि हप्ता २०३१ पर्यंत चालेल. फिरून आलेल्या सहलीचा हप्ता तीन वर्षं पेन्शनमधून भरायचा, ही कल्पनाच सोडून द्या.

फंडांचं जरा सविस्तर बोलू. दहा लाखांचे युनिट विकले आणि त्यात समजा चार लाख दीर्घ मुदतीचा नफा निघाला, तर करमुक्त सव्वा लाख वजा करून उरलेल्यावर साडेबारा टक्के, म्हणजे उपकरासह ३५,७५० रुपये कर. हे काही फार नाही, आणि नेमकं म्हणूनच विकायचा मोह होतो. पण तुमच्या घरात पेन्शन एकालाच आहे. वर्कशॉपला ना पीएफ, ना पेन्शन. तुमच्या नावावर असले तरी हे २८ लाख म्हणजे तुमच्या यजमानांची पेन्शन आहे असं मी धरतो. त्यातला तिसरा हिस्सा नऊ दिवसांत उडवायचा नाही.

राहिलं थांबणं. यजमानांच्या म्हणण्यात एक मुद्दा खरा आहे: निवृत्तीनंतर शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन राहणार नाही, सप्टेंबरमध्ये ऐन द्राक्षतोडणीत जाता येईल. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. ग्रॅच्युइटी खात्यात पडायच्या आधीच तिच्यासाठी कामं रांगेत उभी असतात. मुलाच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कुणाचं तरी ऑपरेशन. त्या रांगेत फ्रान्सचा नंबर शेवटचा लागतो. शिवाय तोवर यजमान ६२ चे होतील. निवृत्तीनंतर हाच खर्च साठ्यातून करावा लागेल. पगार चालू असताना तो बाजूला पडणाऱ्या पैशातून होतो, आणि साठ्याला हात लागत नाही.

म्हणून माझा सल्ला मे २०२७ चा. का, ते आकड्यांत सांगतोच, पण त्याआधी साडेनऊ लाखांकडे बघू.

एवढ्या पैशात तुम्ही काय विकत घेताय? वाटाड्या, मागून येणारी गाडी, महागडी हॉटेलं आणि मुख्य म्हणजे धीर. ज्यांनी कधी सलग तीन दिवस सायकल मारलेली नाही, त्यांना तो धीर विकत घेऊ द्या. तुम्ही पंढरपूर गाठलेलं आहे, तेही ट्रकच्या हॉर्नमधून. लुआरचा सायकलमार्ग हा फ्रान्समधल्या सर्वांत सोप्या मार्गांपैकी एक. नेव्हेर शहराजवळून अटलांटिकपर्यंत सुमारे ९०० किलोमीटर, सगळीकडे पाट्या, बराचसा भाग मोटारींपासून वेगळा किंवा कमी रहदारीच्या रस्त्यावरून. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुक्कामांना ‘आक्यय व्हेलो’ नावाची खूण मिळते. तिथे सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारं असतात. बॅगा एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवणाऱ्या सेवा आहेत, तुम्ही फक्त पाण्याची बाटली आणि रेनकोट घेऊन निघायचं.

सगळे ९०० किलोमीटर करायची गरज नाही. सोम्यूर ते ब्लुआ हा मधला पट्टा घ्या. आडवळणांसह पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, सात दिवसांत निवांत होतो. बहुतेक जण नदीबरोबर पश्चिमेला जातात, कारण ‘प्रवाहाबरोबर म्हणजे उतार’ असं डोक्यात असतं. तो उतार पायाला कळतसुद्धा नाही. कळतो तो वारा, आणि तो बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. तेव्हा सोम्यूरला आगगाडीनं जा आणि पूर्वेला निघा, वारा पाठीशी राहील. सुरुवातीलाच सूझे गावात वाट मऊ पांढऱ्या चुनखडीत कोरलेल्या गल्लीतून जाते. इथल्या राजवाड्यांसाठी हाच दगड काढला. मागे उरलेल्या पोकळ्यांत आज वाइन मुरते आणि अळंबी पिकतात. पुढे व्हिएन नदी लुआरला मिळते तो संगम, मग शिनाँ, व्हिलांद्री, तूर, आणि तूरच्या पलीकडे वुव्रे. तुमच्या दिंडोरी रस्त्याला वाइनसाठी शेनिन ब्लाँ नावाची जी द्राक्षजात लावतात, तिचं माहेर हेच. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी नुकतीच उरकलेली असेल, आणि तिकडे मे महिन्यात कंबरेएवढ्या वेलींच्या ओळींवर कोवळी पालवी. तिथले बागायतदार मेच्या मध्यापर्यंत थंडीच्या कडाक्याला घाबरून असतात, तुमच्याकडचे अवकाळीला घाबरतात तसे.

(वाइन चाखायला थांबलात तर घोट थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. दारूची मर्यादा तिकडे सायकलवाल्यालाही लागू आहे.)

आता कार्बन सायकल. घ्यायची तर नाशिकसाठी घ्या, फ्रान्ससाठी नको. २०१९ मध्ये मी स्वतःची सायकल खोक्यात भरून नेली होती. जाता-येता सामानाचे पैसे भरले ते वेगळेच, आणि पॅरिसला खोकं उघडलं तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आत दाबला गेलेला, तो ज्याला अडकवतात तो हँगर वाकलेला; साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर घेतली की डिरेलर थेट चाकाच्या तारांवर घासत होता. विमान कंपनीच्या काउंटरवर फॉर्म भरून घेतला, तो फॉर्म अजून कुठेतरी पडला असेल. वाटेवरच्या आंबुआझ गावातल्या मेकॅनिकनं हँगर सरळ केला, अर्धा दिवस गेला. तो माझ्या बारीक टायरकडे बघून नुसता हसला, कारण मार्गाचे काही तुकडे दाबलेल्या खडीचे आहेत. तिथे जाडसर टायरची भाड्याची सायकलच बरी.

आणि यजमानांसाठी भाड्याची ई-सायकल. ‘मोटरची सायकल म्हणजे फसवणूक’ असं ते म्हणतील, माझे वडीलही म्हणाले होते. तिथल्या ई-सायकलची मोटर पॅडल मारल्याशिवाय मदत करत नाही आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदतही थांबते. पण काठ सोडून बागांच्या चढाला लागल्यावर गुडघ्यावरचा भार निम्म्यानं हलका झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे गुडघ्याच्या भीतीनं येत्या मे महिन्यातच पळायची गरज उरत नाही. ऑर्थोपेडिकला मात्र आत्ताच दाखवा, सहलीच्या आदल्या महिन्यात नको.

स्वतः आखलेल्या सहलीचा माझा अंदाज असा, युरो १०५ रुपये धरून. मुंबई-पॅरिस विमान दोघांचं १ लाख ३० हजार. व्हिसा आणि विमा ३० हजार. अकरा रात्री, खोलीला ९० युरो, १ लाख ४ हजार. एक साधी आणि एक ई-सायकल भाड्यानं, ४२ हजार. खाणंपिणं ८८ हजार. रोज दुपारी बेकरीतला पाव आणि मधोमध गवताची काडी घातलेलं तिथलं शेळीच्या दुधाचं चीज खाल्लंत तर यात बचतच होईल. रेल्वे, बॅगांची ने-आण आणि राजवाड्यांची तिकिटं ४२ हजार. बेरीज ४ लाख ३६ हजार, वर दहा टक्के अडीअडचणीला. धरा ४ लाख ८० हजार. पॅकेजच्या निम्मे.

हे आणायचे कुठून? पगारातून खर्च आणि एसआयपी जाऊन तुमचे १५ हजार उरतात. जानेवारी २०२६ पासून एप्रिल २०२७ पर्यंत सोळा महिने त्याची आवर्ती ठेव केली तर व्याज न धरता २ लाख ४० हजार. तुमच्या पत्रासोबतच्या यादीत तीन मुदत ठेवी दिसतात. सहा लाखांची आहे तिला हात लावू नका, वर्कशॉपला ऑर्डर नसलेले महिने तीच काढेल. दुसरीवर तुम्ही स्वतःच ‘गच्ची’ लिहिलंय. तिसरी ऑगस्ट २०२६ मध्ये २ लाख ६५ हजार होऊन सुटते आणि तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. आता लिहा. दोन्ही मिळून ५ लाख ५ हजार. एसआयपी चालू, फंड जागेवर, कर्ज शून्य. मे २०२६ ला हे गणित बसत नाही, कारण तोवर त्या पंधरा हजारांतून फार तर साठ हजार साठतील आणि तिसरी ठेव मुदतीआधी मोडावी लागेल.

युरो मात्र आपल्या हातात नाही. २०१५ ला तो सत्तरच्या आसपास होता, आता शंभराच्या पुढे आहे. म्हणून सगळे युरो शेवटी एकदम घेऊ नका. विमानाचं तिकीट लवकर काढा, आणि फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) तीन-चार हप्त्यांत भरा.

कराचं एक. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केला जाणारा आयकर, घेते. २०२५-२६ मध्ये त्याचा दर दहा लाखांपर्यंत पाच टक्के होता, म्हणजे त्या दरानं साडेनऊ लाखांवर ४७,५०० रुपये वर. ते विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर अडकतात. तिकीट एकीकडे, हॉटेल दुसरीकडे असं सुटं बुकिंग पॅकेजमध्ये मोडत नाही, आणि कार्डावर भरलेली रक्कम वर्षाला दहा लाखांच्या आत असेल तर तिच्यावरही टीसीएस नाही. हे दर अर्थसंकल्पात बदलतात, भरताना पुन्हा बघा.

व्हिसासाठी मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. त्यात आदल्या आठवड्यात मुलाकडून आलेली मोठी रक्कम दिसली की शंका येते. तेव्हा जे आहे ते आधीपासून खात्यात असू द्या. शाळेचं रजामंजुरीचं आणि ना हरकत पत्र जोडा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा हवाच, पण तो घेताना सायकलवरून पडल्यास उपचाराचा खर्च मिळतो का, ते पॉलिसीच्या कागदात वाचून खात्री करा. एजंटाच्या तोंडी ‘हो’वर जाऊ नका.

आणि उद्याच करायचं एक काम. त्या तिसऱ्या ठेवीवर बहुतेक आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल. बँकेत जाऊन ती काढून टाका, नाहीतर ऑगस्टमध्ये ठेव मुकाट्यानं पुढच्या मुदतीला लागेल आणि मोडताना पुन्हा दंड भरावा लागेल.