आधी आजीचा अडकित्ता, मग संग्रहालय

प्रश्न : बाई, नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी सहाची. गेल्या सुट्टीत दोघांना एका संग्रहालयात नेलं, तर अर्ध्या तासात ‘आई, घरी कधी जायचं?’ सुरू झालं. सगळं काचेत आणि जागोजागी ‘हात लावू नये’. मुलांना जुन्या वस्तू हाताळता येतील असं पुण्यात काही आहे का? सोबत सासूबाई असतील, त्यांचे गुडघे दुखतात.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुम्ही मुलांना राजा दिनकर केळकर संग्रहालयातच न्या. काचा तिथेही आहेत. पण हात लावायचं काम आदल्या दिवशी घरीच उरकून घ्या.

सासूबाईंना विचारा, माळ्यावर अडकित्ता आहे का? बहुतेक असेलच. मुलांना चिंचेने घासू द्या, खिळीत तेलाचा थेंब सोडू द्या. मग सासूबाईंनी मुलाच्या हातावर हात ठेवून एक सुपारी कातरून घ्यावी. (खायची नाही, फक्त कातरायची.) सुपारी पात्याच्या टोकाशी धरली की निसटते. तीच खिळीजवळ सरकवली की कट्कन दुभंगते. माझ्या नातवाने हे ओळीने सहा सुपाऱ्यांवर करून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटापुढून तो हलेना. कुठे घोडा, कुठे माणसांची जोडी, आणि हा प्रत्येकाची खीळ शोधतोय, दांडा लांब की आखूड ते पाहतोय. ‘आजी, हा नुसता शोभेचा, याने सुपारी फुटणार नाही,’ असं त्याने मला एकाबद्दल ठामपणे सांगितलं. काच मध्ये होती, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

वज्रीचंही तसंच. पाय घासायची पितळी वज्री घरात नसेल तर सासूबाईंना तिच्याबद्दल बोलतं करा. न्हाणीघरातल्या त्या खरबरीत वस्तूवर कारागिरांनी पशुपक्षी बसवले, काहींच्या पोटात खडे घातले, घासताना खुळखुळावेत म्हणून. टाचा घासण्यासाठी एवढी हौस! मला त्या संग्रहालयातलं हेच सगळ्यात आवडतं. राजांच्या तलवारी पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतात. दिवे, दौती, अडकित्ते, वज्र्या मात्र तुमच्या-माझ्या घरातल्या.

ज्यांनी हे जमवलं ते दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) कवी होते, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहीत. घरचा चष्म्यांचा व्यवसाय. त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, त्याचं नाव या संग्रहालयाला आहे. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, म्हणून हे लपवू नका. दारातच सांगा. एका बाबांनी आपल्या मुलाची आठवण म्हणून गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या, हे मुलांना नीट समजतं आणि मग ती हळू चालतात.

सगळं पाहायचा हट्ट नको. जिने आहेत. सासूबाईंना पेलवेल तेवढंच पाहा. दोन दालनं आणि जमलं तर मस्तानी महाल, कोथरूडच्या वाड्याच्या अवशेषांतून इथे पुन्हा उभा केलेला. समजावून सांगायचं काम मात्र सासूबाईंकडेच द्या, तुम्ही मागे राहा. पाटी वाचून दाखवणाऱ्या आईपेक्षा ‘आमच्याकडे अश्शीच होती’ म्हणणारी आजी मुलांना जास्त पटते.

बाजीराव रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. मेट्रोने मंडईला उतरा, पुढे सासूबाईंसाठी रिक्षा करा.

परतताना पाऊण तास हाताशी असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत डोकवा. तिथे आजही तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके देत मठारकाम चालतं, आवाज आळीच्या तोंडापासूनच येऊ लागतो. कारागिरांना आधी विचारा, काम थांबवायला लावू नका. एखादा लहानसा तांब्या विकत घ्या आणि मुलीला त्यावरचे ठोके बोटाने मोजू द्या.