पहिला माणूस नेमताना : व्हेंडिंग मशीनच्या व्यवसायाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे 34 व्हेंडिंग मशीन आहेत. काही कार्यालयांत, काही कारखान्यांत आणि काही एका रुग्णालयात बसवलेली आहेत. माल आणणे, भरणे, रोख काढणे, अडकलेले नाणे सोडवणे आणि हिशेब लिहिणे ही सगळी कामे मी एकटाच करतो. नव्या जागांकडून विचारणा होते. पण तिथे जाऊन बोलणी करायलाही वेळ उरत नाही. पगारी माणूस नेमण्याची वेळ आली आहे हे कसे ओळखावे, आणि त्याच्याकडे नेमके कोणते काम सोपवावे?

उत्तर : मशीनच्या संख्येवरून हा निर्णय करता येत नाही. एकाच आवारात 10 मशीन असणे आणि 10 ठिकाणी एकेक मशीन असणे यांत कामाचा फार मोठा फरक पडतो. शिवाय आठवड्यातून तीनदा भरावे लागणारे मशीन आणि पंधरवड्यातून एकदा उघडले तरी चालणारे मशीन यांची मोजणी सारखी होऊ शकत नाही. म्हणून पुढील चार आठवडे आपल्या वेळेची नोंद ठेवावी. गाडीत गेलेला वेळ, माल भरण्यात गेलेला वेळ, खरेदी आणि गोदामाचा वेळ, दुरुस्तीचा वेळ, आणि हिशेब व पत्रव्यवहाराचा वेळ अशी विभागणी पुरेशी आहे. समजा, यांतील प्रवास, भरणे आणि गोदाम यांची बेरीज आठवड्याला 24 तास आली, तर आपल्याला पूर्णवेळ माणसाची नव्हे, तर आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या माणसाची गरज आहे, हे कागदावरच स्पष्ट होईल. अनेक छोटे व्यावसायिक थकवा असह्य झाल्यावर घाईने पूर्णवेळ नेमणूक करतात आणि मग त्या माणसाला काम पुरवण्यासाठी अनावश्यक फेऱ्या आखतात. ते टाळावे.

पैशाचे गणित विक्रीवर करू नये. मालाची किंमत, जागामालकाचा हिस्सा आणि कार्ड किंवा मोबाइलद्वारे मिळणाऱ्या पैशांवरील शुल्क वजा केल्यानंतर जे उरते त्यावर करावे. समजा, 100 च्या विक्रीमागे 50 मालाला, 12 जागामालकाला आणि 3 शुल्काला गेले, तर हाती 35 राहतात. अशा स्थितीत कर्मचाऱ्याचा महिन्याचा एकूण खर्च भागवण्यासाठी त्या खर्चाच्या जवळजवळ तिप्पट जादा विक्री उभी करावी लागेल. एकूण खर्च म्हणजे केवळ पगार नव्हे. कायद्याने द्यावी लागणारी मालकाची वर्गणी, भरपगारी रजा, विमा, जादा इंधन आणि शिकाऊ काळात दोघांनी मिळून एकाचे काम करण्याचा खर्च हे सगळे त्यात धरावे. ही जादा विक्री कोठून येणार, याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे : ज्या नव्या जागा आपल्याला बोलावत आहेत त्या ठिकाणांहून. त्यांपैकी निदान दोन-तीन जागांशी बोलणी नक्की होण्याच्या टप्प्यावर आणून मगच नेमणूक करावी, म्हणजे मोकळा झालेला आपला वेळ पहिल्या आठवड्यापासून कारणी लागेल.

कोणते काम सोपवावे याबद्दल माझे मत ठाम आहे. माल भरण्याची फेरी आणि गोदामातील मालाची बांधणी सोपवावी. खरेदीचे निर्णय, दर आणि जागामालकांशी होणारे करार स्वतःकडे ठेवावेत. दुरुस्ती मधल्या प्रकारात मोडते. अडकलेले नाणे काढणे, नोट स्वीकारणारा भाग स्वच्छ करणे, वस्तू पुढे ढकलणारी वेटोळ्या आकाराची तार जागा बदलून लावणे एवढे नव्या माणसाला शिकवता येते. विजेचे आणि शीतकरणाचे काम मात्र जाणकारानेच करावे.

फेरी सोपवण्याआधी ती सोपवण्याजोगी करावी लागते. आज कोणत्या मशीनमध्ये काय खपते हे आपल्या डोक्यात आहे आणि म्हणूनच आपण गाडीत अंदाजाने माल भरून निघू शकता. नव्या माणसाकडे तो अंदाज नसतो. प्रत्येक मशीनचा मांडणीनकाशा तयार करावा : कोणत्या कप्प्यात कोणती वस्तू, किती नग, आणि किती उरले की भरायचे. मशीनला दूरस्थ नोंदीचे उपकरण जोडलेले असेल, तर आदल्या दिवशीच विक्रीचे आकडे पाहून प्रत्येक मशीनसाठी वेगळा खोका गोदामात बांधून ठेवता येतो. भरणाऱ्याने तो खोका घेऊन थेट मशीनपाशी जायचे. आत काय कमी आहे ते पाहून गाडीकडे परत येण्याची फेरी वाचते. जुना माल पुढे आणि नवा मागे हा नियम लेखी असावा, आणि मुदत संपलेला माल फेकून न देता मोजून परत आणावा, कारण त्याचाही हिशेब लागतो. थंड ठेवावे लागणारे नाशवंत पदार्थ विकत असाल, तर प्रत्येक भेटीत तापमानाची नोंद बंधनकारक करावी; अशा पदार्थांसाठी ते साधारणपणे 5 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये.

माणूस निवडताना यंत्राच्या अनुभवाला फार महत्त्व देऊ नये. तो शिकवता येतो. वेळ पाळणे, नीटनेटकेपणा, गुन्ह्याची नोंद नसलेला वाहन परवाना, ओझे उचलण्याची क्षमता आणि अनोळखी ठिकाणी पहारेकऱ्यापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांशी सौजन्याने बोलण्याची सवय हे गुण अधिक मोलाचे आहेत, कारण यापुढे जागामालकाला आपल्या व्यवसायाचा चेहरा म्हणून हाच माणूस दिसणार आहे. मुलाखतीनंतर एक दिवस मोबदला देऊन आपल्याबरोबर फेरीवर न्यावे. पाचव्या मशीनची काच तो पहिल्याइतकीच नीट पुसतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. रुग्णालय आणि कारखाने यांच्याकडे प्रवेशासाठी ओळखपत्र किंवा पूर्वपरवानगी लागू शकते; ती व्यवस्था नेमणुकीआधी करावी.

सुरक्षेचे शिक्षण पहिल्याच दिवशी द्यावे. मोठ्या आकाराचे मशीन रिकामे असतानाही 300 किलो किंवा त्याहून अधिक वजनाचे असू शकते, आणि अडकलेली वस्तू पाडण्यासाठी ते हलवताना अंगावर कोसळून माणसे दगावलेली आहेत. मशीन कधीही कलते करायचे नाही, आणि आतील भागाला हात लावण्याआधी वीजजोड काढायचा, हे दोन नियम अपवादाविना पाळले गेले पाहिजेत.

प्रश्न : मी तीन महिन्यांपूर्वी माझ्या व्यवसायात पहिला कर्मचारी नेमला. माल भरणे आणि रोख आणणे ही दोन्ही कामे तोच करतो. काही मशीनमध्ये विक्रीच्या मानाने रोख कमी येत असल्याचे मला वाटते. मुलगा कष्टाळू आहे. पण मन साशंक झाले आहे. त्याला विचारावे का?

उत्तर : अजून विचारू नये. आपल्याला ‘वाटते’ असे आपण लिहिले आहे, आणि वाटण्यावरून कोणाच्या प्रामाणिकपणाला हात घालणे अन्यायाचे आहे. आधी मोजणीची पद्धत तपासावी.

नाणी घेणाऱ्या मशीनमध्ये आलेले प्रत्येक नाणे थेट रोखपेटीत जात नाही. परत द्यायच्या सुट्ट्या पैशांसाठी आत नळ्या असतात; त्या नळ्या आधी भरतात आणि त्या भरल्यावरच पुढची नाणी पेटीत पडतात. म्हणजे मागील भेटीच्या वेळी नळ्या रिकाम्या असतील, तर या वेळी विक्री होऊनही पेटी कमी भरेल. याच्या उलटही घडते : ग्राहकांनी मोठ्या नोटा टाकल्या आणि सुटे पैसे नळ्यांतून गेले, तर पेटीत विक्रीपेक्षा जास्त रक्कम दिसेल. त्यामुळे केवळ पेटीतील रक्कम पाहून काहीच सिद्ध होत नाही. बहुतेक आधुनिक मशीनमध्ये एकूण विक्रीचा सलग वाढत जाणारा आकडा साठवलेला असतो. दोन भेटींतील त्या आकड्यांचा फरक घ्यावा, त्यातून कार्ड आणि मोबाइलने झालेली विक्री वजा करावी, आणि उरलेली रक्कम पेटीतील रोख व नळ्यांतील नाण्यांची वाढ-घट यांच्या बेरजेशी ताडून पाहावी. भरणाऱ्याने नळ्यांत स्वतः घातलेली नाणी, ग्राहकाला परत केलेले पैसे आणि चाचणीसाठी काढलेल्या वस्तू यांची नोंद नसेल, तर हा ताळा कधीच जुळणार नाही, आणि तो दोष नोंद ठेवायला न सांगणाऱ्या मालकाकडे जातो.

आता पद्धत बदलावी. पैसे काढणारा हात आणि पैसे किती असायला हवेत हे सांगणारा आकडा एकाच माणसाकडे असू नयेत, ही या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाची शिस्त आहे असे मी मानतो. कर्मचाऱ्याने रोख न मोजता क्रमांक घातलेल्या, एकदा बंद केल्यावर फाडल्याशिवाय न उघडणाऱ्या पिशवीत भरावी. पिशवीचा क्रमांक, मशीनचा क्रमांक, वेळ आणि विक्रीच्या आकड्याचे छायाचित्र एवढे आपल्याकडे पाठवावे. मोजणी आपण करावी. अनेक मशीनमध्ये दरवाजाचे आणि रोखपेटीचे कुलूप वेगळे असते. तसे असल्यास रोखपेटीची किल्ली फक्त रोख काढण्याच्या दिवशी द्यावी आणि सही घेऊन संध्याकाळी परत घ्यावी.

हा बदल सांगताना त्या मुलाला लपवाछपवी न करता सांगावे की ही व्यवस्था त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी जितकी आहे, तितकीच त्याला खोट्या आळापासून वाचवण्यासाठी आहे; कारण आज मशीनमध्ये बिघाड झाला तरी संशय त्याच्यावरच येतो आणि निर्दोष असल्याचे दाखवायला त्याच्या हाती काहीही नाही. चार-पाच भेटींचे आकडे जमल्यानंतरही एखाद्याच मशीनमध्ये तूट राहिली, तर आधी नोट स्वीकारणारा भाग आणि मशीनमधील किमतींची मांडणी तपासावी, कारण कप्प्यावर लिहिलेली किंमत आणि मशीनमध्ये भरलेली किंमत वेगळी असण्याची चूक पुष्कळ वेळा होते. त्याच्या सर्वच मशीनमध्ये, फक्त त्याच्या फेऱ्यांच्या दिवशी आणि सातत्याने तूट येत असेल, तेव्हा आकडे समोर ठेवून, एकांतात आणि त्याला बोलायची पूर्ण संधी देऊन विचारावे.

प्रश्न : पगाराची जबाबदारी नको म्हणून पहिल्या माणसाला विक्रीच्या टक्केवारीवर कंत्राटदार म्हणून घेतले तर चालेल का?

उत्तर : फेरी कोणत्या वेळी करायची, कोणत्या क्रमाने करायची, कोणाची गाडी आणि कोणाची किल्ली वापरायची हे सगळे आपण ठरवत असाल, तर कागदावर कंत्राटदार लिहिल्याने तो कंत्राटदार होत नाही. बहुतेक देशांचे कायदे करारातील नावापेक्षा प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे आहे ते पाहतात, आणि पुढे तो कर्मचारीच असल्याचे ठरले तर मागील सर्व देणी दंडासह भरावी लागू शकतात. म्हणून नेमणुकीआधी कामगार कायदा आणि करप्रणाली जाणणाऱ्या सल्लागाराला एकदा अवश्य भेटावे.

टक्केवारीबद्दलही माझा आक्षेप आहे. विक्री जागेवर, वस्तूंच्या निवडीवर आणि दरावर अवलंबून असते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, त्याच्या नाहीत. ठराविक पगार द्यावा आणि वर काही द्यायचेच असेल, तर ते त्याच्या हातातील गोष्टींवर द्यावे : रिकामा कप्पा न आढळणे, मुदत संपलेला माल कमी निघणे, जागामालकाची तक्रार न येणे. तो स्वतःचे वाहन वापरणार असेल, तर त्याच्या विम्यात व्यावसायिक वापर समाविष्ट आहे याची खात्री पहिल्या फेरीआधी करून घ्यावी. तसा तो नसेल, तर अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि तो बोजा आपल्यावर येऊ शकतो.