नागपुरात राहून समुद्र शिकायचाय?

वैष्णवी, समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर, म्हणून हा विषय सोडू नकोस. मीही इथूनच सुरुवात केली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचं काम आधी समज. १९०३ साली सुरू झालेली ही संस्था. तिच्या धक्क्यावर १९१६ पासून रोज पाण्याचं तापमान मोजतात. रोज! मला त्यांच्या जहाजांपेक्षा ही चिकाटी मोठी वाटते. तिथल्याच चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भागांच्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे.

तुझ्या हाती लगेच येईल ते अर्गो तरंगकांचं काम, म्हणजे समुद्रात सोडलेल्या, आपोआप मोजमाप करणाऱ्या यंत्रांचं. ते १,००० मीटर खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतात आणि तापमान, क्षारता मोजत वर येऊन उपग्रहाला आकडे पाठवतात. आतलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं, म्हणून ते वर येतात. किती साधी युक्ती! ही माहिती सगळ्यांना फुकट मिळते.

पायथॉन ही संगणकाची भाषा शीक, बंगालच्या उपसागरातला एकच तरंगक निवड. आलेख काढण्याआधी प्रत्येक आकड्यासोबत दिलेला गुणवत्तेचा अंक बघ: १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे टाकाऊ. मी हे न बघता दोन महिने चुकीचे आलेख काढले होते.

आणि आपल्या फुटाळा तलावावर रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागी थर्मामीटर बुडवून वहीत लिहायला लाग. पावसाळ्याआधीच सुरू कर.