माणूस जन्मतःच दुष्ट असतो की अनुभवांमुळे तसा होतो?

कोणतेही मूल दुष्ट म्हणून जन्माला येते, हे मला मान्य नाही. मात्र सगळी मुले सारखाच स्वभाव घेऊन येतात, असेही म्हणता येत नाही. जुळ्यांवरील अभ्यासांतून समाजविघातक वर्तनामागे आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा, ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास, असल्याचे दिसते. पण वारशाने येतो तो उतावळेपणा किंवा चटकन भडकण्याचा कल, दुष्टपणा नव्हे. दोन-तीन वर्षांचे मूल खेळणे हिसकावले की चावते, ओरबाडते. शारीरिक आक्रमकता साधारण याच वयात सर्वाधिक असते आणि पुढे बहुतेकांची ओसरते, कारण कोणीतरी रोज त्याचा उगारलेला हात धरते आणि समोरच्याचे रडणे त्याला दाखवते. ज्याच्या वाट्याला हे न येता केवळ मार येतो, त्याला हिंसा हीच जगाची रीत वाटू लागण्याचा धोका वाढतो (तरीही अशी असंख्य मुले मोठेपणी कोणावर हात उगारत नाहीत). परिस्थितीचा जोरही मोठा असतो: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६०च्या दशकातील प्रसिद्ध प्रयोगात ४० सामान्य माणसांपैकी २६ जणांनी, दुसऱ्या माणसाला विजेचा धक्का बसतो आहे असे समजूनही, प्रयोग घेणाऱ्याच्या केवळ सूचनेवरून ४५० व्होल्टची शेवटची कळ दाबली.