जुन्या टाटा 407 ट्रकचा फॅन बेल्ट दोनदा बदलला तरी आवाज जात नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2003 ची 407 आहे, सकाळी सुरू केली की पुढून किंचाळल्यासारखा आवाज येतो, दोन महिन्यांत दोन फॅन बेल्ट टाकून झाले आणि गॅरेजवाला आता तिसरा टाका म्हणतोय. दादा, तिसरा बेल्ट एवढ्यात घेऊ नका. ओरडतो बेल्टच, पण त्याला ओरडायला लावणारं दुसरंच काहीतरी असतं. नवा बेल्ट महिन्याभरात ओरडायला लागला तर दोष बहुतेक पुलीत, बेअरिंगमध्ये नाहीतर डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या) बैठकीत सापडतो.

मी सोलापूरचा. मार्केट यार्डातून कांदा भरून पुण्याला नेतो, माझी गाडी तुमच्या गाडीपेक्षा जुनी आहे. माझ्या गाडीचंही हेच झालं होतं. आवाज आला की मेकॅनिक बेल्ट ताणून द्यायचा. आठ दिवस शांत, मग पुन्हा किर्र. पुन्हा ताण. शेवटी मे महिन्यात, भर दुपारी, टेंभुर्णीच्या अलीकडे चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ रबर जळाल्याचा वास आला. डायनॅमोचं बेअरिंग जाम झालं होतं, त्यावरून घासून बेल्ट जळाला. वॉटर पंप आणि पंखा त्याच बेल्टावर, म्हणजे तेही बंद. गाडी पुरी भरलेली आणि वर 42 डिग्री ऊन. काटा लालकडे जायच्या आत इंजिन बंद केलं म्हणून इंजिनचं हेड वाचलं. कांदा दुसऱ्या गाडीत उतरवायला संध्याकाळ झाली.

म्हणून आधी आवाज नीट ऐका. सुरू केल्या केल्या लांब किंचाळी आणि मिनिटभरात शांत, असं असेल तर बेल्ट घसरतोय. स्टार्टरने बॅटरी ओढलेली असते, ती भरून काढायला डायनॅमोवर त्या वेळी सगळ्यात जास्त लोड येतो. खात्री करायची तर गाडी उभी ठेवून हेडलाइट लावा. लाइट लावताच किंचाळी वाढली तर घसरणंच आहे. पण आवाज पाखरासारखा चिक-चिक-चिक तालात येत असेल आणि रेस दिल्यावर ताल वाढत असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. आणि घरघर किंवा खरखर असेल तर बेल्ट सोडा, बेअरिंग बघा.

यात गोंधळ होत असेल तर पाण्याची परीक्षा घ्या. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडा. इंजिन आयडलवर ठेवून बेल्टाच्या आतल्या बाजूवर जरासं पाणी उडवा, डायनॅमोवर नको. क्षणभर आवाज थांबून परत आला तर पुल्या वाकड्या आहेत. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग. हे करण्याआधी गळ्यातला नॅपकिन काढून गाडीत ठेवा आणि बाह्या वर करा. फिरता पंखा माफ करत नाही.

आता इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून पुली बघा. ही गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. आपला बेल्ट पुलीला दोन्ही कडांनी धरतो, बुडाने नाही. बेल्ट काढून खाचेत टॉर्च मारा. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट खाली बसून तळाला घासतोय, कडांना पकडच नाही. मग तो कितीही ताणा, घसरणारच. बेल्ट बसवल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाला समान किंवा किंचित वर दिसली पाहिजे. नवा बेल्टसुद्धा आत बुडत असेल तर पुली झिजलीय किंवा बेल्ट चुकीच्या मापाचा दिलाय. जुना बेल्ट दुकानात सोबत नेला तरी त्यावरचा नंबर वाचून घ्या, नुसता शेजारी धरून घेऊ नका.

माझ्या गाडीत बेअरिंगच्याही मागचा मूळ दोष निघाला तो डायनॅमोच्या खालच्या बोल्टात. अक्कलकोट रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी क्रँक पुलीपासून (इंजिन स्वतः फिरवतं ती खालची पुली) डायनॅमोच्या पुलीपर्यंत गवंड्याचा दोरा ताणून धरला. दोरा डायनॅमोच्या पुलीला एकाच कडेला टेकत होता, दुसरीकडे नखाएवढी फट. मग त्यांनी डायनॅमो हाताने हलवला तर तो डुलला. बोल्ट घट्ट होता, आतला बुश (बोल्टाभोवतीची नळी) झिजून भोक अंडाकृती झालं होतं. लोड आला की डायनॅमो तिरका व्हायचा आणि बेल्ट ओरडायचा. लेथवर नवा बुश करून बसवला, एका बेल्टाच्या किमतीत काम झालं. त्या दिवसापासून आवाज गेला.

बेअरिंगचा संशय आला तर बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा. बोटांना खडे लागल्यासारखं जाणवलं तर ते गेलं. पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवा. डुलत असेल तर वॉटर पंपाचं बेअरिंग. बेल्ट काढून इंजिन सुरू केल्यावर आवाज पूर्ण गेला तर दोष बेल्टावर चालणाऱ्या भागांत आहे. पण तीस सेकंदांच्या वर चालवू नका, पाणी फिरत नसतं. आणि तशी गाडी जागची हलवू नका. ज्या गाडीत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्या मागे असतो, तिथे बेल्टाबरोबर ब्रेकची मदतही जाते, पेडल दगडासारखं होतं.

साबण, राळ, मेण असलं काही बेल्टाला लावू नका. दोन दिवस आवाज दबतो, त्यावर धूळ चिकटते आणि बेल्ट आणखी लवकर चकाकतो. बेल्टाला ऑइल लागलं असेल तर पुढचं ऑइल सील गळतंय का ते आधी बघा.

ताण किती ठेवायचा? सगळ्यात लांब पट्ट्यावर अंगठ्याने दाबा, साधारण 10 ते 12 मिमी दबला पाहिजे. त्याहून ताणलात तर बेल्ट गप्प बसेल आणि डायनॅमो, पंप दोघांची बेअरिंगं जातील. नवा बेल्ट पहिल्या फेरीत थोडा सैल होतोच, परत आल्यावर एकदा बघून घ्या.

आणि हे सगळं करताना वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा. तिथे ओल किंवा कूलंटचा सुकलेला डाग असेल तर सील गेलंय आणि पुढचा नंबर बेअरिंगचा आहे. तसं दिसलं तर भाडं सोडा, पण लोड घेऊन घाटात जाऊ नका. दोरा लावून काय निघालं ते इथे कळवा, पुढचं बघू.